फुकटच्या फुटबॉल टिपा: आधी कांडी मोडून बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा पाहिला असेल तर हे दृश्य ओळखीचं असेल. खरेदीदार पोत्यात हात घालतो, एक कांडी काढतो, कटकन मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच भाव बोलतो. वरून पिवळीधमक दिसणारा माल आतून फिकट निघतो, हे त्याला ठाऊक असतं.

मी त्याच यार्डात एका अडत दुकानात कीर्द-खतावणी लिहितो. दिवसभर दुसऱ्यांच्या पै-पैचा हिशेब करायचा, आणि रात्री कुणा अनोळखी माणसाने पाठवलेल्या 'आजची शुअर टिप'वर डोळे झाकून पैसे लावायचे, असं माझं २०२३-२४ चा अख्खा हंगाम चाललं. तेवीस हजार सहाशे रुपये गेले. बातमी दुकानातल्या अण्णांच्या कानावर गेली तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत दहा पैशाचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत बसून शोधतोस. तुझी स्वतःची पट्टी काढलीस का कधी?"

काढली नव्हती. पुढच्या हंगामात एक रुपयाही न लावता मी फक्त एका साइटच्या आणि तिच्या टेलिग्राम चॅनेलच्या टिपा वहीत उतरवत गेलो. ती वही कशी आखायची आणि वाचायची, ते खाली लिहितोय. आपल्या भागात हे लिहायला आणखी एक कारण आहे. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तिथल्या पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांचा सामना बघत मोठी झालेली पोरं इकडेही आहेत, आणि फुटबॉल कळतो म्हणजे फुटबॉलवरचा सट्टाही कळतो असा आमचा पक्का गैरसमज असतो.

काय काय लागेल

- शंभर पानी वही, किंवा मोबाइलवर एक्सेलसारखी शीट. मी वही घेतली, कारण शीटमध्ये आकडा गुपचूप बदलता येतो आणि मी स्वतःला ओळखतो.
- सामन्यांचे निकाल. लीगची अधिकृत साइट पुरते.
- सामना सुरू होतानाचे भाव, म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर एकूण किती रुपये हातात येतात तो आकडा. फुटबॉल-डेटा नावाच्या ब्रिटिश संकेतस्थळावर मोठ्या लीगचे निकाल आणि भाव एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलींत फुकट मिळतात. बेटिंग साइटवर खातं उघडायची गरज नाही.
- वेबॅक मशीन, म्हणजे जुन्या वेबपानांच्या नकला जपून ठेवणारं संकेतस्थळ.
- आणि चार-पाच महिने. हीच वस्तू बहुतेकांकडे नसते.

१. आधी कायदा बघून घ्या

हे लांबवत नाही. महाराष्ट्रात १८८७ पासून जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण 'आम्हाला परदेशचं लायसन आहे' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. तिथे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार?

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. या साइटी पैसे भरायला दर वेळी वेगळा यूपीआय आयडी देतात, कधी कुणाच्या तरी किराणा दुकानाच्या नावाचा. ती भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातलं एखादं सायबर तक्रारीत सापडलं तर त्याच्याशी व्यवहार झालेली इतर खातीही गोठवली जाऊ शकतात. त्यात तुमचं पगाराचं खातं असू शकतं.

म्हणून पुढचं सगळं कागदावर करायचं. टिप चांगली की वाईट हे कळायला पैसे लावावे लागत नाहीत.

२. फुकट देणाऱ्याचं घर कशावर चालतं ते शोधा

अडत्याला अडत, म्हणजे दलाली मिळते. माल स्वस्तात गेला काय, महाग गेला काय, त्याचे टक्के ठरलेले. तरीही भाव चढला तर त्याचाही थोडा फायदा असतो, म्हणून शेतकऱ्याचं आणि त्याचं हित निदान एका दिशेला असतं.

टिपवाल्याचं उलटं आहे. टिपेच्या खाली 'इथे खातं उघडा' असं बटण असतं, नाहीतर प्रोमो कोड असतो. त्या बटणावर बोट दाबून ठेवा, लिंक कॉपी करा आणि वाचा. शेवटी अक्षरं-आकड्यांचं एक शेपूट दिसेल. ते शेपूट म्हणजे त्या टिपवाल्याचं नाव. त्या लिंकवरून तुम्ही खातं उघडलंत की तुम्ही 'त्याचं' गिऱ्हाईक. मग दोनपैकी एका रीतीने त्याला पैसे मिळतात: पहिल्यांदा पैसे भरलेत की एकरकमी दलाली, किंवा तुम्ही जेवढे हराल त्यातला ठरलेला वाटा, तुम्ही खेळत राहाल तोवर.

दुसरी रीत नीट समजून घ्या. तुम्ही जिंकलात तर त्याला काही नाही, हरलात तर वाटा. अशा माणसाने तुम्हाला जिंकवणाऱ्या टिपा फुकट का द्याव्यात? मला हा प्रश्न आठ महिने पडला नाही, आणि मी हिशेबनीस आहे.

सगळेच लबाड असतात असं म्हणत नाही. काही साइटी फक्त जाहिरातींवर चालतात, काही हौशी पोरं खरोखर अभ्यास करून लिहितात. पण पहिला प्रश्न हाच: लिंकला शेपूट आहे का? असेल तर पुढची प्रत्येक पायरी दुप्पट संशयाने चढा.

३. भाव वाचायला शिका, टक्के नंतर

साइटवर मोठ्या अक्षरांत असतं: '८० टक्के अचूक!' हा आकडा भाव कळल्याशिवाय बिनकामाचा आहे.

समजा सगळ्या टिपा १.२० भावाच्या आहेत. म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर वर वीस मिळणार. शंभर टिपांत ऐंशी बरोबर आल्या: ८० गुणिले २०, सोळाशे आले. वीस चुकल्या: दोन हजार गेले. ८० टक्के अचूक राहून चारशेचा खड्डा. १.२० ला नुसतं बरोबरीत सुटायला शंभरात त्र्याऐंशीच्या वर टिपा बरोबर याव्या लागतात. उलट ३.०० च्या भावाने लावणारा शंभरात छत्तीस वेळा बरोबर आला तरी नफ्यात असतो. जाहिरातीत तो ३६ टक्के कधी लिहिणार नाही, कारण ते वाचून कोण थांबेल?

आता बुकीची अडत कुठे असते ते. एखाद्या सामन्याचे भाव असे आहेत: घरचा संघ २.००, बरोबरी ३.४०, पाहुणा संघ ३.८०. प्रत्येकासाठी १ भागिले भाव करा. ५० टक्के, २९.४ टक्के, २६.३ टक्के. बेरीज १०५.७. सामन्याचे निकाल तर शंभर टक्क्यांच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. वरचे पावणेसहा म्हणजे बुकीची अडत, हमाली, तोलाई सगळं एकत्र. टिपवाल्याला आधी हे अंतर भरून काढायचं असतं, नफा त्यानंतर.

चार-पाच सामने एकत्र बांधलेली 'कॉम्बो' टिप दिसली तर ही अडत दर सामन्याला लागते. १.२५ चे पाच सामने जोडले की भाव तीनच्या थोडा वर जातो आणि डोळे चमकतात. प्रत्येक सामना जिंकायची खरी शक्यता ७६ टक्के धरली तर पाचही बरोबर यायची शक्यता जेमतेम सव्वापंचवीस टक्के होते. शंभर रुपयांमागे सरासरी सत्त्याहत्तर परत. फुकट साइटींना कॉम्बोचं इतकं प्रेम का, ते आता कळेल.

४. वही आखा

रकाने असे: तारीख आणि वेळ (टिप कधी वाचली), सामना, नेमकी टिप, त्यांनी लिहिलेला भाव, मला प्रत्यक्ष दिसलेला भाव, सामना सुरू होतानाचा भाव, निकाल, नफा-तोटा. प्रत्येक टिपेला कागदावर शंभर रुपये. 'हाय कॉन्फिडन्स' म्हणाले तरी शंभरच.

टिप सामन्याच्या आधी उतरवायची, नंतर नाही. इथे आपल्या वेळेचा घोळ होतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यासाठी त्यांचं घड्याळ तासभर मागे गेलं की साडेआठला असतो. चॅम्पियन्स लीग हिवाळ्यात रात्री दीडला, म्हणजे तारीखच बदलते. मी दोनदा झोपलो आणि सकाळी उठून 'काल वाचली होती' म्हणून जिंकलेली टिप लिहिली. दोन्ही खोडल्या. वाचली होती हे खरं, पण हरली असती तर मी लिहिली असती का, याची खात्री नव्हती.

निकाल लिहिताना ९० मिनिटांचा लिहा. जिंकणार-हरणार-बरोबरी या प्रकारात जादा वेळ आणि पेनल्टी धरत नाहीत. १८ डिसेंबर २०२२ ची वर्ल्ड कपची फायनल आठवा. कप अर्जेंटिनाने नेला, पण ९० मिनिटांना २-२ होतं, जादा वेळेत ३-३ आणि मग पेनल्टीवर ४-२. 'अर्जेंटिना जिंकणार' अशी साधी टिप वहीत हरलेली धरायची. बरेच टिपवाले अशा वेळी कपाचा फोटो टाकून 'आपली टिप पास' म्हणतात.

पैसे परत येणाऱ्या टिपा, म्हणजे बरोबरी झाली तर रद्द वगैरे, त्यांना शून्य लिहा. टिपवाल्यांच्या यादीत त्या हिरव्या रंगात असतात.

५. पुसलेलं शोधा

मला यातच सगळ्यात मजा आली. हिशेबातली खाडाखोड शोधायची सवय कामी आली.

टेलिग्रामच्या सार्वजनिक चॅनेलमधल्या प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करता येते, आणि लिंकच्या शेवटी क्रमांक असतो. तो चढत जातो. ४१२, ४१३, मग एकदम ४१७ आली तर मधल्या पोस्टी कुठे गेल्या? एक सावधगिरी: एकत्र टाकलेल्या फोटोंमध्ये प्रत्येक फोटो एक क्रमांक खातो, त्यामुळे एखाद्या फटीवरून लगेच निष्कर्ष काढू नका. पण हरलेल्या रात्रीनंतर दर वेळी फट पडत असेल तर पावती फाडलेली आहे असं समजा.

साइटसाठी वेबॅक मशीन. साइटचा पत्ता टाका, जुन्या तारखा उघडा, तेव्हाच्या टिपा आणि आजच्या 'मागील निकाल' पानावरच्या टिपा शेजारी ठेवून बघा. सगळ्या तारखांची नक्कल सापडत नाही, पण दोन-तीन सापडल्या तरी पुरतं. साइटचं डोमेन, म्हणजे तिचा नोंदवलेला पत्ता, कधी घेतलंय हे फुकटच्या हू-इज शोधात दिसतं. आठ महिन्यांचं डोमेन आणि 'गेली दहा वर्षं तुमच्या सेवेत' हे एकत्र बसत नाही.

जिंकलेल्या पावतीचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून अजिबात धरू नका. संगणकाच्या ब्राउझरमध्ये पानावरचा कुठलाही आकडा दोन मिनिटांत बदलता येतो. आमच्या दुकानातल्या बारावीतल्या पोराने मला माझ्याच बँकेच्या पानावर अठ्ठेचाळीस लाख शिल्लक करून दाखवली. क्षणभर बरं वाटलं.

६. घाईने निकाल लावू नका

पहिल्या तीस टिपांत माझी वही नफ्यात होती. मी अण्णांना दाखवायलाही गेलो होतो.

नाणं शंभर वेळा उडवलं तर पंचावन्न किंवा त्याहून जास्त छापे साधारण पाच-सहा खेपांत एकदा येतात. म्हणजे २.०० च्या भावाने शंभरात पंचावन्न टिपा बरोबर आणणारा माणूस निव्वळ नशीबवान असू शकतो. हजारात साडेपाचशे मात्र नशिबाने हजारात एकदा येतील. वीस-पंचवीस टिपांचं 'या महिन्याचं रेकॉर्ड' वाचायलाच नको. निदान दोनशे तरी उतरवा, आणि दोनशेसुद्धा कमीच आहेत.

त्यापेक्षा लवकर उत्तर देणारी एक खूण आहे, म्हणून सामना सुरू होतानाच्या भावाचा रकाना आखायला सांगितला. टिप आली तेव्हा भाव २.१० होता आणि सामना सुरू होताना १.९० झाला, म्हणजे बाजारही त्याच बाजूला सरकला. हे वारंवार होत असेल तर टिपवाल्याला काहीतरी कळतंय. उलट त्याने दिलेले भाव सामन्यापर्यंत वाढतच जात असतील तर तो शिळा माल विकतोय, मग त्या आठवड्यात जिंकलेला असो वा नसो. संघ सामन्याच्या तासभर-सव्वा तास आधी जाहीर होतात, तेव्हा भाव हलतात. सकाळी दहाला दिलेली टिप आणि संघ बघून दिलेली टिप वेगवेगळी मोजा.

माझ्या वहीचा शेवट असा झाला. एकूण २१४ टिपा. बरोबर १३१, चूक ८३. साइटवर त्या काळात '८० टक्के' झळकत होतं, माझ्याकडे एकसष्टच्या थोडं वर. सतरा टिपा नंतर पुसल्या गेल्या, सतराच्या सतरा हरलेल्या. त्या सोडून मोजलं तरी साडेसहासष्टच होतात. ऐंशी कुठून आले ते त्यांनाच ठाऊक.

पण खरी गंमत भावात निघाली. जिंकलेल्या टिपांचा त्यांनी लिहिलेला सरासरी भाव १.६५. त्याने हिशेब केला तर ८,५१५ आले, ८,३०० गेले, २१५ रुपये नफा. टिप वाचल्या वाचल्या मला दिसलेला सरासरी भाव होता १.५२. त्याने ६,८१२ आले, ८,३०० गेले. १,४८८ रुपये तोटा. टिपा त्याच, सामने तेच. त्यांचा भाव जगात कुठेतरी, कधीतरी असेलही, पण माझ्यापर्यंत तो पोचत नव्हता. सांगलीत बसून तेलंगणातल्या निजामाबादच्या हळद बाजारभावाने पट्टी मागितल्यासारखं आहे हे.

७. या गोष्टी दिसल्या तर वहीसुद्धा उघडू नका

'फिक्स मॅच, आतली बातमी.' ज्याच्याकडे खरंच अशी बातमी असेल तो ती अनोळखी पाच हजार लोकांना सांगणार नाही. सगळे लावायला धावले तर भाव पडतो.

'चार टिपा फुकट घ्या, पटलं तर व्हीआयपी ग्रुपची फी भरा.' हा हिशेब करून बघा. ८,१०० नंबर घ्यायचे. एका सामन्याला तिघांत वाटायचे: २,७०० जणांना घरचा संघ, २,७०० ना बरोबरी, २,७०० ना पाहुणा. ज्यांना बरोबर गेलं त्या २,७०० जणांनाच पुढची टिप, पुन्हा तीन वाटे. मग ९००, मग ३००, मग १००. चार सामन्यांनंतर शंभर लोक असे उरतात ज्यांनी ओळीने चार टिपा खऱ्या ठरताना डोळ्यांनी बघितल्या. त्यांना फोन जातो. त्यातले तुम्ही असाल तर समोरचा माणूस तुम्हाला देव वाटणार, आणि बाकीचे आठ हजार तुम्हाला दिसत नाहीत.

'हरलात तर पुढच्याला दुप्पट लावा, रिकव्हरी नक्की.' १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४००. ओळीने सात हरलात की १२,७०० गेले, आणि आठव्याला १२,८०० काढायचे ते कशासाठी, तर शंभर रुपये जिंकायला. माझ्या तेवीस हजार सहाशेतला मोठा भाग असाच दोन रात्रींत गेला.

जिंकलेले पैसे काढायच्या आधी 'टॅक्स' किंवा 'सिक्युरिटी' भरायला सांगणारा माणूस तुम्हाला पैसे देणार नाही. एवढंच.

८. पैसे आधीच गेले असतील तर

फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात थांबवायची शक्यता जास्त. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर लेखी तक्रार करा आणि बँकेलाही कळवा. 'तुमचे बुडालेले पैसे फी घेऊन काढून देतो' म्हणणारे मेसेज याच काळात येऊ लागतात. ती त्याच दुकानाची दुसरी शाखा असते.

नुसते हरला असाल आणि हात थांबत नसेल, रात्री दीडला उठून भाव बघत असाल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्या एकाला आकडा खरा सांगा. मी वहिनीला सांगितला, दादाला नाही. ते कसं सांगायचं ते वहिनीने बघितलं.

चॅनेल सोडायची घाई मात्र करू नका. आधी सगळ्या चॅटचे, यूपीआय आयडींचे, फोन नंबरांचे स्क्रीनशॉट घ्या. बँकेच्या अ‍ॅपमधून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक, तारखेसह एका कागदावर उतरवा. तक्रार लिहिताना तेच विचारतात, आणि ग्रुपमधून एकदा बाहेर पडलात की ते चॅट परत उघडेलच असं नाही.